निर्णयसागरची ‘काव्यमाला’ जमवताना: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

‘काव्यमाला’ ही मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची जुन्या संस्कृत-प्राकृत ग्रंथांची माला. ती जमवताना सुरुवातीलाच गोंधळ होतो तो क्रमांकांचा. ‘काव्यमाला १२’ म्हणजे जगन्नाथ पंडिताचा रसगंगाधर. ‘काव्यमाला, द्वादशो गुच्छकः’ मात्र वेगळेच पुस्तक, छोट्या काव्यांचा संच. गुच्छकांची मोजणी एकापासून चौदापर्यंत जाते आणि स्वतंत्र ग्रंथांची नव्वदीच्या पुढे. दोन्ही मोजण्या एकाच नावाखाली चालतात. रद्दीवाल्याने फोनवर ‘काव्यमाला नंबर चार आहे’ असे सांगितले तर हातात कर्पूरमंजरी पडेल की चौथा गुच्छक, हे मुखपृष्ठ पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून यादी दोन रकान्यांत करावी.

माला १८८६ मध्ये मुंबईत मासिक रूपात सुरू झाली. संपादक जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब. १८९२ मध्ये दुर्गाप्रसाद वारले. पुढे परबांबरोबर पंडित शिवदत्तांचे नाव दिसते आणि नंतरच्या अनेक आवृत्त्यांवर वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकरांचे. मासिक हप्ते ज्याने-त्याने आपल्या सोयीने बांधून घेतले, त्यामुळे वाई-साताऱ्याकडच्या जुन्या शास्त्री घराण्यांतून येणाऱ्या प्रती एकसारख्या नसतात. दोन-तीन ग्रंथ एका पुठ्ठ्यात, मुखपृष्ठ एकाचेच, असे सर्रास आढळते. मधली मुखपृष्ठे बांधणाऱ्याने टाकून दिलेली असतात.

साल फाटले असेल तर छापखान्याच्या मालकाचे नाव पाहावे. जावजी दादाजी असतील तर प्रत सुरुवातीच्या वर्षांतली. त्यांच्यानंतर तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी, आणि १९४० नंतरच्या प्रतींवर सत्यभामाबाई पांडुरंग. फक्त शके दिला असेल तर ७८ मिळवावेत, म्हणजे शके १८१० हे १८८८ (शकवर्षाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांसाठी ७९).

पाने मोजताना नुसते पृष्ठांक पाहून भागत नाही. फर्म्याच्या (एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात फर्म्याचा आकडा आणि ग्रंथनामाचे आद्याक्षर असते. पहिल्या दोन खुणांतले अंतर मोजा, तेच अंतर शेवटपर्यंत जुळले पाहिजे. एखादी खूण चुकली तर पूर्ण फर्मा गळाला आहे किंवा उलटा शिवला आहे. भूमिका आणि शुद्धिपत्र वेगळ्या पृष्ठांकाचे असतात. सर्वांत आधी गहाळ होते ते शुद्धिपत्र, आणि वाचणाऱ्याला त्याचीच गरज जास्त.

उलट काही ग्रंथ अपुरे दिसतात, पण ते तसेच आहेत. रसगंगाधर ‘उत्तर’ नावाच्या अलंकाराच्या विवेचनात मध्येच तुटतो; मूळ ग्रंथच तेवढा मिळतो. ‘शेवटची पाने नाहीत’ म्हणून कोणी ती प्रत स्वस्तात देत असेल तर मुकाट्याने घ्यावी. ध्वन्यालोकाच्या १८९१ च्या प्रतीत (क्रमांक २५) चौथ्या उद्द्योतावर (प्रकरणावर) अभिनवगुप्ताची ‘लोचन’ टीका नाही. ती टीका छापून आली १९२३ मध्ये. त्यामुळे तिथे पाने शोधत बसू नये.

पहिल्या आवृत्तीचे वेड आम्हाला फारसे पटलेले नाही. संग्राहकाला नाट्यशास्त्र १८९४ चे हवे असते, पण वाचायला १९४३ ची सुधारलेली आवृत्ती सोयीची. गाथासप्तशती (क्रमांक २१, १८८९) मात्र पहिलीच घ्यावी असे वाटते. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या गाथा निर्णयसागरच्या टाइपात वाचण्याची मजा वेगळी आहे.

वाराणसी-दिल्लीची ऑफसेट पुनर्मुद्रणे जुनी म्हणून गळ्यात मारली जातात. ती ओळखायला पान खिडकीच्या उजेडात तिरपे धरा. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेले असते आणि पाठीमागे बोटाला उठाव लागतो. ऑफसेटमध्ये कागद सपाट असतो आणि ‘ष’, ‘क्ष’ यांच्या आतली पोकळी शाईने बुजलेली दिसते.

आता बांधणी. बहुतेक प्रती कडेने टाचून बांधलेल्या आहेत. कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असल्याने पान टाक्याच्या रेषेवर दुमडते आणि तिथेच तुटते. पुस्तक टेबलावर सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशी देऊन शंभर-एकशेवीस अंशांवर थांबा. बांधायला द्यायचेच असेल तर बांधणाऱ्याला तीन गोष्टी लिहून द्या: कडा कापायच्या नाहीत, पांढरा कृत्रिम गोंद नको, खळीत मोरचूद नको. कडा कापल्या की तळाच्या फर्म्याच्या खुणा आणि समासातली शास्त्रीबुवांची टिपणे जातात. मोरचुदाने कसर दूर राहते खरी, पण तांबे कागदाचा ऱ्हास वाढवते. गव्हाच्या सत्त्वाची खळ, एका भागाला पाच भाग पाणी, मंद आचेवर शिजवलेली, पुरेशी होते. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावलेली प्रत दिसली तर किंमत पाडून मागा. तो पिवळा डाग निघत नाही.

सांगलीतला खरा शत्रू पावसाळा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाव मिळतो. साधे लोखंडी कपाट निरुपयोगी ठरले: फटींतून हवा येते आणि ओल शोषणारे सिलिका जेल पंधरवड्यात दमते. रबरी कडेचे, तळाला त्रिकोणात ५ लिहिलेले (म्हणजे पॉलिप्रोपिलीन) प्लास्टिकचे डबे घेतले. वीस लिटरच्या डब्यात २५० ग्रॅम नारिंगी जेल, आणि प्रत्येक ग्रंथ हातकागदात गुंडाळलेला. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे क्षार असतात, ते टाळा. जेल उन्हात नीट वाळत नाही, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास द्यावे लागतात. आर्द्रतामापक विकत आणल्यावर आधी तपासा: बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, त्याच्याशेजारी मापक, डबा बंद, रात्रभर. सकाळी ७५ दाखवायला हवे. आमच्या दोनपैकी एकाने ६८ दाखवले, त्यावर तेवढा फरक चिकटवून ठेवला आहे.

डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, फक्त वास राहतो. कसर लागलेली नवी प्रत पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर दव पुस्तकावर धरते.

सांगलीत विकत घेताना पुराची खूण आधी पाहा. कडेवर तपकिरी रेघ, पानांच्या खोबणीत बारीक गाळ, लाटा आलेला कागद. २०१९ च्या पुराचा गाळ इतका बारीक आहे की ब्रशने तो पानात जास्तच घुसतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोकापातळीकडे निघाले की डबे वरच्या मजल्यावर न्यावेत. कपाट रिकामे करायला वेळ लागतो, डबे दोघे जण अर्ध्या तासात हलवतात.