बर्डीवरून आणलेला कॅल्क्युलेटर आणि ४२९४९६७२९७

भाचीला अकरावीसाठी पाहिजे होता म्हणून मागच्या महिन्यात नागपूरच्या बर्डीवरच्या एका दुकानातून सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला आणि खरं सांगते, तिच्यापेक्षा जास्त मीच वापरून राहिली आहे. कारण एकच, त्यातलं मूळ अवयव पाडायचं बटण. संख्या टाकायची, बरोबर दाबायचं, मग शिफ्ट आणि फॅक्ट, झालं. दहा आकड्यांपर्यंत चालतं. पहिले ९९९९९९९९९९ टाकून पाह्यलं, तर ३²×११×४१×२७१×९०९१ आलं.

पण माझी खरी टेस्ट होती ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या रांगेतली (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) ही पुढची संख्या, आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटत होतं की हीपण मूळच असणार. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ती ६४१ ने भागून दाखवली, तेही हाताने! आपल्या मशीनवर आलं ६४१×(६७००४१७).

तो कंस पाहून भाची म्हणे, मावशी हे बिघडलं, परत नेऊ. बिघडलं नाही गं. ही मशीन फक्त तीन आकडीपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहते, त्यानंतरची पहिली मूळ संख्या १००९, म्हणून उरलेला भाग १००९ च्या वर्गापेक्षा म्हणजे १०१८०८१ पेक्षा लहान असला तर तो मूळच असणार, तेच ९०९१ चं झालं, कंस नाही. त्याहून मोठा उरला तर तिला ठरवता येत नाही, आणि ती कंस टाकून तसं सरळ कबूल करते. मला हे फारच आवडलं.

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या थोडं वर, म्हणजे हजारापासून तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या, त्या दोनशेच्या वर आहेत. पण ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलंय की ४२९४९६७२९७ च्या, म्हणून ६७००४१७ च्याही, कोणत्याही मूळ अवयवाला १२८ ने भागलं की बाकी १ च उरते, ६४१ चंच पाहा नं, ५ गुणिले १२८ अधिक १. तशा संख्या लिहीत गेलो, १०२५, ११५३, १२८१ अशा, तर त्यात मूळ निघाल्या दोनच, ११५३ आणि १४०९. पहिलीने भागलं तर बाकी ३३४, दुसरीने ६२२. म्हणजे ६७००४१७ मूळ! भाचीने वहीत तो कंस खोडून टाकला.

तक्रार आहे ती बटणांवरच्या बारीक अक्षरांची, चष्मा लावूनही फॅक्ट शोधावं लागतं, आणि अकरा आकडी संख्या घेत नाही हेही मला खटकतं. स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये हे बटणच नसतं, म्हणून घ्यायच्या आधी दुकानातच ४२९४९६७२९७ टाकून पाहा.