गाडीतला गोडसर वास आणि कधीच न बदललेली कूलिंग कॉइल

गाडीत येणाऱ्या रासायनिक वासाचे कारण शोधून देतो असे सांगून एका गॅरेजने माझी सरळसरळ फसवणूक केली. ती तपशिलाने लिहीत आहे, कारण ज्या खुणांवरून मला ती पहिल्याच दिवशी ओळखता आली असती, त्या सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

थंडीच्या दिवसांत पहाटे हीटर लावला की उबदार हवेबरोबर एक गोडसर वास येऊ लागला; फार पिकलेल्या फळासारखा, पण घशात खवखव उठवणारा. त्याच सुमारास समोरची काच आतून वारंवार धूसर होऊ लागली आणि कोरड्या फडक्याने कितीही पुसली तरी तिच्यावर तेलकट पट्टे राहू लागले. या दोन गोष्टी एकाच कारणाच्या आहेत, हे मला तेव्हा सुचले नाही.

गॅरेजमधल्या माणसाने बॉनेट उघडले नाही. त्याने एसी सुरू केला, हवा हुंगली आणि डॅशबोर्डच्या आतली, एसीची हवा गार करणारी कूलिंग कॉइल फुटून गॅस गळत आहे, हा गॅस विषारी आहे, मुलांना घेऊन या गाडीतून एक दिवसही फिरू नका, असे ठामपणे सांगितले. मुलांचे नाव निघाल्यावर मी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही. वास्तविक गाड्यांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-१३४ए या गॅसला जवळजवळ वास नसतो, आणि वास जाणवण्याइतका गॅस गळत असेल तर आधी गारवा कमी होतो. माझ्या गाडीचा एसी तर उत्तम गार करत होता.

दोन दिवसांनी गाडी परत मिळाली तेव्हा आत अत्तराचा उग्र फवारा मारलेला होता आणि ‘नवी कॉइल नीट रुळेपर्यंत पंधरा दिवस हीटर लावू नका’ अशी सूचना होती. जुनी कॉइल मी मागितली, तर ती भंगारात गेली असे उत्तर मिळाले. बिलावर कॉइल, गॅस आणि डॅशबोर्ड उघडण्याची मजुरी यांच्याखाली अगदी शेवटी एक ओळ होती : कूलंट, १ लिटर. मी ती वाचली आणि बिल घडी करून ठेवून दिले. इंजिन गार ठेवणारे हे द्रव बंद चक्रातून फिरते. ते एवढे कमी झाले असेल तर कुठेतरी गळतीच असली पाहिजे. म्हणजे कारण त्या माणसाला कळले होते, त्याने ते बिलावरही लिहिले होते, आणि तरीही मला दुसरेच काम विकले.

सोळाव्या दिवशी हीटर लावताच वास परत आला. या वेळी मी पुढच्या प्रवाशाच्या पायाखालची मॅट उचलून गालिच्यावर पांढरा टिशू दाबून धरला. त्यावर फिकट गुलाबी डाग उमटला आणि बोटांना बुळबुळीत लागला. एसीचे साचलेले पाणी असते तर ते रंगहीन आणि साध्या पाण्यासारखे लागले असते. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते गोड असले तरी विषारी आहे, त्यामुळे चव घेऊन खात्री करण्याचा मोह कोणीही करू नये आणि मुलांना व पाळीव प्राण्यांना त्या डागापासून दूर ठेवावे.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटच्या टाकीला हातपंप जोडला आणि टाकीच्या झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरली. बाहेर कुठेही थेंब नव्हता, पण काटा दहा मिनिटांत स्पष्टपणे खाली आला. इंजिनाकडून आलेले गरम कूलंट जिच्यातून फिरते, ती हवा गरम करणारी हीटर कॉइल आत, डॅशबोर्डमध्येच असते आणि ती सांध्यावर झिरपत होती. मग त्याने एसीचा फिल्टर काढून त्या खाचेतून बारीक कॅमेरा आत सोडला. ‘नव्या’ कूलिंग कॉइलच्या पापुद्र्यांमध्ये काळी धूळ घट्ट बसली होती आणि एका कोपऱ्यात एक वाळलेले पान अडकलेले होते. दोन आठवड्यांपूर्वी बसवलेल्या कॉइलची ही अवस्था होऊच शकत नाही. डॅशबोर्डच्या स्क्रूंवरचा कारखान्यातला रंगाचा ठिपकाही अखंड होता.

ही छायाचित्रे आणि बिल घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेले. बराच वाद झाल्यावर मालकाने कॉइलचे पैसे परत केले. मजुरीचे केले नाहीत. मला पैशांपेक्षाही एका गोष्टीचा राग अधिक आहे : कूलंट असेच कमी होत राहिले असते तर इंजिन तापून कायमचे निकामी झाले असते, आणि मी मात्र नवी कॉइल बसवल्याच्या समाधानात गाडी चालवत राहिले असते.

ज्यांच्या गाडीत असा वास येत असेल त्यांनी गॅरेजमध्ये जाण्याआधी, इंजिन गार असताना, कूलंटच्या टाकीवरील पातळीची रेघ पाहून तिचा फोटो काढावा आणि वास फक्त हीटर लावल्यावर येतो की एसीवरही येतो, हे लिहून ठेवावे. पेट्रोलचा किंवा जळक्या वायरचा वास असेल तर मात्र निरीक्षण करत बसू नये, गाडी तिथेच थांबवावी. भाग बदलायला होकार देताना जुना भाग हातात हवा, असे कामाआधीच लिहून घ्यावे.

हीटर कॉइल बदलल्यावरही माझ्या गाडीतला वास लगेच गेला नाही, कारण गालिच्याखालच्या जाड नमद्यात कूलंट मुरले होते. तो बाहेर काढून कोमट पाण्याने वारंवार धुतला, चार दिवस उन्हात वाळवला, काच आतून साबणाच्या पाण्याने दोनदा पुसली, तेव्हा कुठे वास थांबला.