भारत-पाकिस्तान संघर्ष आकड्यांत मांडायचा तर डेटा कुणाचा घ्यावा?

राज्यशास्त्रात एम.ए. किंवा पीएच.डी. करणारी आणि आकडेवारीच्या वाटेने जाऊ पाहणारी सांगली-साताऱ्याची मुलं भेटली की बोलणं हमखास या प्रश्नावर येतं: युद्धांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ या प्रकल्पाचा डेटा घ्यायचा की स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा? दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही जगभर वापरले जातात, ते काही सांगायला नको. प्रबंधाच्या वेळी मी दोन्हींवर काम केलं आणि उप्सालापाशी थांबलो. तुमचा विषय वेगळा असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो, हे आधीच मान्य करतो.

कोरिलेट्सचं मोठेपण त्याच्या काळाच्या पल्ल्यात आहे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये मिशिगनला सुरू केलेला हा प्रकल्प थेट १८१६ पासूनची युद्धं नोंदवतो. महासत्तांचा चढउतार, युती, सत्तेचा तोल असा विषय असेल तर फार विचार न करता हाच घ्या. लष्करी खर्च, सैन्यबळ, ऊर्जेचा वापर, लोखंड-पोलाद, एकूण लोकसंख्या आणि शहरी लोकसंख्या या सहा गोष्टींवरून देशाचं बळ मोजणारा त्यांचा निर्देशांकही हाताशी येतो. शिवाय त्यांच्या देशादेशांमधल्या लष्करी वादांच्या फाइलमध्ये नुसती धमकी, सैन्याची जमवाजमव, बळाचा वापर आणि युद्ध अशा चढत्या पायऱ्या आहेत. गोळी सुटली नाही तरी वाद नोंदला जातो. उप्सालाकडे ही सोय नाही, आणि ही उणीव छोटी नाही.

साताऱ्याच्या माणसाच्या मनाला मात्र एक गोष्ट लागेल. १८१७-१८ चं इंग्रज-मराठा युद्ध यांच्याकडे आहे, पण दोन राज्यांमधल्या युद्धांच्या यादीत नाही. १९२० पूर्वी राज्य म्हणून गणलं जायला पाच लाख लोकसंख्या आणि ब्रिटन व फ्रान्स या दोघांचेही वकील दरबारी असणं ही त्यांची अट. त्यामुळे पेशवाई बाहेरच, आणि भारत यादीत येतो तो १९४७ ला. व्याख्या समजून घेतली तर राग मावळतो. माझाही मावळला.

जे मावळलं नाही ते वेगळंच होतं. लष्करी वादांच्या फाइलमध्ये मृतांसाठी पातळ्या आहेत: १ म्हणजे एक ते पंचवीस, २ म्हणजे सव्वीस ते शंभर, अशा वर चढत जातात. नेमक्या आकड्याला वेगळा रकाना आहे, पण तिथे अनेकदा −९, म्हणजे माहिती नाही. साताऱ्यात एका कार्यक्रमात मी या डेटावरचे आलेख दाखवत होतो. समोर अपशिंगे मिलिटरीचे एक निवृत्त सुभेदार बसले होते. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जण कामी आले. सुभेदार म्हणाले, “सर, नव्वदच्या दशकात आम्ही ताबारेषेवर होतो. त्यातलं यात काय काय धरलंय?” मला सांगता येईना. दोन जवान गेले तरी १, वीस गेले तरी १. वर्षानुवर्षांची धुमश्चक्री एका ‘वादा’त गुंडाळलेली. १९९३ पासूनच्या घटनांची वेगळी फाइल आहे खरी, पण तिथेही ओळीशेजारी ती कोणत्या बातमीवरून आली हे दिसत नाही. ज्यांनी ते भोगलं त्यांना आपल्या आलेखातला ठिपका उलगडून दाखवता येऊ नये, हे मला सहन झालं नाही. माझा कौल तिथेच फिरला.

उप्सालाच्या घटनांच्या फाइलमध्ये, १९८९ पासून पुढे, एकेका घटनेला एकेक ओळ आहे. तारीख, जागा, ती जागा कितपत खात्रीची आहे, मृतांचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वांत विश्वासार्ह अंदाज, आणि ज्या बातमीवरून नोंद झाली तिचा उल्लेख. मार्गदर्शकांनी “हे कशावरून?” विचारलं की ओळ उघडून दाखवता येते. वर्षाच्या वर्षाला डेटा पुढेही सरकतो. कोरिलेट्सची वादांची फाइल मी वापरली तेव्हा २०१४ ला संपत होती. म्हणजे २०१९ चं बालाकोट किंवा २०२० चं गलवान हा विषय असेल तर तिथे हाती काही लागत नाही.

उप्सालाचेही दोष आहेत. बातमी आली नाही तर घटना नाही, त्यामुळे दुर्गम भागातले आकडे कमीच येत असावेत असं मला वाटतं. दोन्ही सैन्यं एकमेकांची हानी वाढवून सांगतात तेव्हा ‘विश्वासार्ह अंदाज’ फार सावध राहतो. संघर्ष त्यांच्या वार्षिक यादीत यायला वर्षाला किमान २५ मृत्यू लागतात, आणि ही रेषाही कॅलेंडर वर्षावर आखलेली आहे. डिसेंबर-जानेवारीत पसरलेली चकमक दोन वर्षांत वाटली जाते.

तरी १९८९ नंतरचा काश्मीर, ताबारेषा किंवा ईशान्य भारत हा विषय असेल तर मी उप्सालाच सुचवीन. जगाची पूर्ण फाइल तीन लाखांवर ओळींची आहे. जुन्या लॅपटॉपवर एक्सेल गुदमरतं, तेव्हा देश निवडूनच उतरवा. देशाच्या बळाचे आकडे कोरिलेट्सकडून घेऊन जोडणार असाल तर भारत ७५० आणि पाकिस्तान ७७० हे देशांचे ओळख-क्रमांक दोन्हीकडे सारखे आहेत. पण १९९० नंतरचा जर्मनी कोरिलेट्सकडे २५५ आणि उप्सालाकडे २६० आहे. जोडणी झाल्यावर रिकाम्या राहिलेल्या ओळी आधी तपासा, मगच मॉडेल चालवा.