नाशिकच्या सिडकोतलं ताईंचं पाळणाघर, फर्स्ट शिफ्टवाल्या आयांसाठी (५ पैकी ४ स्टार)

पाटी नाही, बोर्ड नाही, त्रिमूर्ती चौकाकडं एका रो-हाऊसच्या खालच्या मजल्यावर आहे, सगळे नुसतं ताईंकडं म्हणतात. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, सकाळी साडेसहाला उघडतं!! ज्यांची अंबडला नाहीतर सातपूरला कारखान्यात सातची शिफ्ट आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय. कॉलेज रोडकडची चकाचक डे केअर पण बघितली, एसी, भिंतीवर कार्टून, इंग्लिश राइम्स, आणि उघडणार कधी तर नऊला. मग तोपर्यंत पोर काय पंचिंग मशीनपाशी बसवायचं का?

दुसरं म्हणजे सहा महिन्यांचं बाळ घेतात. २०१७ ला बाळंतपणाच्या रजेचा कायदा बदलला, तेव्हापासून पहिल्या दोन बाळंतपणांना पगारी रजा २६ आठवडे झालीये, म्हणजे सहा महिने, पण मी विचारलं तिथं बहुतेक जण म्हणाले चालायला लागलं की आणा. मधल्या काळात सासूबाईंना गावाहून बोलवा नाहीतर नोकरी सोडा, आणि नोकरी कोण सोडतं ते काय सांगायला नको. त्याच बदलात ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाऊ द्यायचं असं पण आलं. आमच्या कंपनीत ते कागदावर आहे, एका खोलीला कुलूप आणि आत जुने बॉक्स. मला यातलं आवडतं ते इतकंच की यात ५० म्हणजे बाया-पुरुष सगळे मिळून ५०. आधीच्या १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ३० पेक्षा जास्त बायका असल्या तरच पाळणाघर होतं, मग मालक काय करणार, बायका कमी ठेवल्या की झालं ना. रोजगार हमीच्या कामावर सुद्धा पाच लहान पोरं असली तर सांभाळायला एक बाई लावायचा नियम २००५ च्या कायद्यात केला होता आणि आम्ही आयएसओ सर्टिफिकेटवाले, तरी पाळणाघराला कुलूप.

असो, रिव्ह्यूवर येते. जेवण चांगलं, वरणभात, मऊ खिचडी, डबा दिला तर गरम करून भरवतात. स्वच्छता ठीक, पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत म्हणून दोन जास्तीची द्या. मोबाईल दाखवून गप्प बसवत नाहीत हे मी अचानक जाऊन बघितलंय. कॅमेरा नाही, ज्यांना लागतो त्यांनी विचार करा. फी महिन्याला चार हजार, उशीर झाला तर तासाचे वेगळे.

एक स्टार कशाला कापला ते सांगते. फॉर्मवर नवऱ्याचा नंबर पहिला लिहिलाय, तरी ताप आला की फोन मलाच, आणि मी कंपनीत लाईनवर कामाला असताना माझा फोन लॉकरमध्ये असतो. ताईंना म्हटलं अहो त्यांना लावा ना, तर हसून म्हणतात पप्पांना काय त्रास द्यायचा. ताई, त्रासच द्या हो! लोकांचा दिवस कशात जातो ते मोजणाऱ्या देशाच्या टाइम यूज सर्व्हेत २०२४ ला बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषांचे ८८ आलेत, ते असंच होतं, कोणी फोनच लावत नाही त्यांना.

आणि एक गोष्ट मनात खुपते. ताईंकडच्या दोन मावशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमची पोरं सांभाळतात आणि त्यांचा पगार आमच्या कंपनीतल्या हेल्परपेक्षा कमी आहे, पीएफ वगैरे तर नाहीच. चार हजारात आम्हाला परवडतं ते त्यांच्यामुळं. फी पाचशेनं वाढवून मावशींना द्या असं मी आयांच्या ग्रुपवर टाकलं तर दोघींनी हो म्हणून अंगठ्याचा इमोजी टाकला, बाकी सगळ्या गप्प, आता त्यांचं पण खरंय, कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला पाचशे म्हणजे पाचशे असतात.

बातम्यांमध्ये येतं की बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता तो २०२३-२४ ला ४१.७ झाला. पण ती वाढ जास्त करून खेड्यातली, त्यात घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्या पण धरलेल्या, शहरात आकडा २८ च्याच आसपास होता. सिडकोत साडेसहाला उघडणारी अजून पाच-सहा घरं असती तर इथला आकडा जरा हलला असता असं मला वाटतं.

सेकंड शिफ्टवाल्यांसाठी मात्र उपयोग नाही, संध्याकाळी सातला बंद म्हणजे बंद. जागा जूनमध्ये होतात, मोठी पोरं शाळेत गेली की, तेव्हा मार्चपासूनच सांगून ठेवा आणि फॉर्म भरायला बाळाच्या बापाला पाठवा.