दोघांची मिळून एक स्मरणिका: छापखान्याबद्दल

वर्षश्राद्धाला वाटायच्या, आई-वडील दोघांच्या स्मरणिकेसाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळचा हा छोटा छापखाना चांगला आहे. पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच बसतात, हे ते आधीच सांगतात. मजकूर 16 किंवा 20 पानांचा बेतावा. आतला कागद 130 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत कागद, घ्या, त्याहून पातळ कागदातून मागचा फोटो दिसू शकतो.

लग्नातला कृष्णधवल फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, चित्र लहान होतं आणि छपाईत चेहरे फुटतात. मूळ प्रत 600 डीपीआयला (दर इंचात 600 ठिपके) स्कॅन करा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. ओढला की फोटो फाटू शकतो.

खरा घोळ अक्षरांचा. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना रफार आणि पहिली वेलांटी सरकते. इथेही पहिल्या प्रुफात, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या प्रतीत, ‘कर्वेनगर’चा रफार उडाला होता, सांगितल्यावर लगेच दुरुस्त केला. प्रूफ कागदावरच मागा. आईंचं माहेरचं नाव, तिथी, तारखा मोठ्याने वाचून तपासा.

आणि मजकूर देताना आईंना वडिलांइतकीच पानं द्या. बहुतेक स्मरणिकांत त्यांच्या वाट्याला एकच परिच्छेद येतो, ते वाईट वाटतं.