कार्बोरेटरवाली मारुती ८०० : चौघांनी मिळून ३६ हजारात उठवली, तिचा रिव्ह्यू

मित्राच्या आजोबांची १९९६ ची मारुती ८००, गारगोटीकडच्या गावात गोठ्याशेजारी २०२१ पासून उभी होती. चार पावसाळे अंगावर काढलेले, टपावर पेंढा, आत उंदरांचं घर, चारही टायर बसलेले. भंगारवाल्याने १५ हजार सांगितले तेव्हा आजोबा काहीच बोलले नाहीत, उठून आत गेले. ते बघून आम्ही चौघांनी दहा-दहा हजार काढायचे ठरवलं आणि गाडी कोल्हापूरला आणली. आता रोज चालवतोय, म्हणून जुनी ८०० उभी करायची का असं विचारणाऱ्यांसाठी लिहितोय. माझं मत सरळ आहे, खिसा लहान असेल आणि हात काळे करायची तयारी असेल तर हिच्यासारखी गाडी नाही, फक्त पहिला पैसा ब्रेकला घाला, रंगाला नाही.

आधी कागद बघा. आजोबांनी २०२१ ला आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती म्हणून आम्ही वाचलो, कारण मुदत संपून वर्षं गेली असतील तर आरटीओचा दंड महिन्यामहिन्याला वाढत जातो आणि तो गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. २० वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी २०२५ पासून १०,००० झालीय, ती, पर्यावरण कर आणि इन्शुरन्स हे सगळं ३६ हजारात धरलेलं नाही.

आणायचं म्हणजे टोचन लावून जमणारच नव्हतं, मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम गंजून आतल्या लायनरला धरलेले. ४०७ टेम्पो शेताच्या बांधाला रिव्हर्स लावला आणि ढकलली. गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास आहे, मागची बाजू चौघांनी उचलून सरकवता येते, हा हिचा पहिला गुण.

इंजिन जाम होतं. इथे घाई करून सेल्फ मारू नका. तिन्ही प्लग काढले, भोकांत डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून थोडं पुढे थोडं मागे असं करत राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुली पूर्ण फिरली, आम्ही चौघं गॅरेजमध्ये ओरडलो ते शेजारचा लेथवाला काय झालं म्हणून पळत आला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वायरिंग मोजकं, बोनट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि हात पोचतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, मात्र चालू करायच्या आधीच बदला, जुना बेल्ट चांगला दिसला तरी त्याच्यावर विश्वास नको.

पेट्रोलची टाकी खाली उतरवली तर आतलं पेट्रोल वार्निशसारखं झालेलं. साखळीचे तुकडे आणि रॉकेल टाकून टाकी तासभर आळीपाळीनं हलवली, तांबडं पाणी निघालं नुसतं. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलून त्यातले पेट्रोलचे बारीक जेट साफ केले, नवीन किट टाकलं, आणि रबरी पाइप सगळेच्या सगळे बदलले. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि ओलही धरतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

आता ब्रेक. इथे आम्ही चुकलो आणि ती चूक माझी होती. मागचे व्हील सिलिंडर, म्हणजे ड्रमच्या आत ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारे, एका दुकानातून स्वस्तात मिळाले, जोडीमागे अडीचशे वाचले, पॅकिंग बघून ओरिजनलच वाटलं. आठव्या दिवशी गॅरेजच्या आवारात गाडी मागे घेताना पॅडल खालपर्यंत गेलं, हँडब्रेक ओढला तेव्हा भिंत हातभर लांब होती आणि त्या भिंतीजवळ मित्र उभा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. ड्रम काढला तर आत सगळं ब्रेक ऑइल. दुसऱ्या दिवशी सगळं काढलं, पॅडलला जोडलेला मास्टर सिलिंडर, चारही चाकांचं काम, होज पाइप, कंपनीचे पार्ट बिलासकट घेऊन, ४,८०० गेले आणि त्यातला एक रुपयाही मला जास्त वाटत नाही.

पार्टची चिंता मात्र करायचं कारण नाही. १९८३ ला आलेली गाडी २०१४ पर्यंत बनत होती, पंचवीस लाखांच्या वर विकली गेली, त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन-चार दुकानं फिरलं की बहुतेक वस्तू मिळते, नवी नसेल तर जुनी. रेडिएटर जुनाच दीड हजारात मिळाला. टायर १२ इंची, चार मिळून १०,४०० आणि तोच सगळ्यात मोठा खर्च. त्याखालोखाल पत्र्याचं काम, ७ हजार, कारण ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट उचलली की जमीन दिसायची. ही गाडी घेताना मॅट उचला, बॅटरीखाली आणि दाराखालच्या पट्टीवर बोटानं दाबून, टकटक करून बघा, लांबी (पुटी) भरून रंग मारलेला असेल तर तिथे ठक्क आवाज येत नाही, भद्द येतो. इंजिन दुरुस्त होतं, पत्रा एकदा सगळीकडून गेला की काही उरत नाही.

चालवायला कशी आहे? शहरात मस्त, वळते कुठेही, मावते कुठेही. घाटात चार माणसं बसली की दुसऱ्या गिअरला यावंच लागतं. एसी नाही, हायवेला ७० च्या वर मी नेत नाही, एअरबॅग वगैरे काही नाही हे डोक्यात ठेवूनच चालवतो, घरच्यांना लांबच्या प्रवासाला हिच्यात नेत नाही.

रंग अजून मारलेला नाही, एका बाजूला प्रायमर तसाच दिसतो. आरसी हातात आली त्या रविवारी गाडी गारगोटीला नेली. आजोबांना डोळ्यांनी कमी दिसतं आता, ते बाजूच्या सीटवर बसले, गार इंजिन चालू करायला ओढतात त्या चोकच्या नॉबवर हात फिरवला आणि म्हणाले, "सकाळी गार असली की अर्धाच ओढ, पुरा ओढलास तर प्लग भिजतो." आम्ही महिनाभर पुराच ओढत होतो.