अडीच किलोची रबरी योगा मॅट: आठ महिने रोज वापरल्यावर

पार्सल हातात घेतलं तेव्हा पहिला विचार आला तो मॅट परत पाठवण्याचा. नैसर्गिक रबराची ५ मिलीमीटर जाडीची मॅट अडीच किलोच्या आसपास भरते, हे मागवताना वाचलं होतं, पण अडीच किलो म्हणजे किती ते उचलल्यावर कळलं. आज आठ महिन्यांनी मी हिच्याबद्दल लिहितेय ते मुख्यतः या वजनामुळेच.

आधीची माझी मॅट १० मिलीमीटरची, फोमची होती. दुकानात हाताने दाबून पाहिली, मऊ लागली, घेतली. पाठीवर पडून करायच्या व्यायामांना ती छान होती. उभ्या आसनांत मात्र पाय तिच्यात रुतायचा. एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात घोटा सारखा डगमगायचा आणि मला वाटायचं, चाळिशी उलटली, तोल गेला आता. एकदा वैतागून मॅट बाजूला सारली आणि फरशीवर उभी राहिले, तर त्याच पायावर अर्धं मिनिट सहज टिकले. हात-पाय टेकून कंबर वर उचलायच्या अधोमुख श्वानासनात तर हात हळूहळू पुढे घसरायचे. मग बोटांनी मॅट आवळून धरायची, त्यामुळे मनगट दुखायचं आणि मनगट दुखलं की दुसऱ्या दिवशी सुट्टी. एका सुट्टीच्या चार कधी होतात ते समजतही नाही. वर्गात जायची तेव्हा बाई म्हणायच्या, रविवारच्या दीड तासापेक्षा रोजची वीस मिनिटं जास्त देतात. वर्ग सुटल्यावर त्या वीस मिनिटांसाठी मी स्वतःलाच आळशी म्हणत राहिले. निम्मा दोष त्या घसरत्या मॅटचा होता, असं आज मी ठामपणे सांगते.

रबरी मॅटवर तळवा टेकला की तिथेच राहतो. तळव्याने जमीन मागे ढकलता येते, खांदे कानांपासून दूर जातात, पाठ लांब होते. बाई वर्षभर जे सांगत होत्या ते पहिल्यांदा माझ्या अंगाला समजलं. हिचा पृष्ठभाग घाम शोषणारा आहे, त्यामुळे पाचव्या-सहाव्या सूर्यनमस्कारानंतरही हात निसटत नाही. मात्र शोषलेला घाम आतच राहतो, म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळू द्यावी लागते आणि त्याला अख्खा दिवस जातो. अंगाला तेल किंवा क्रीम लावून हिच्यावर बसू नका. तेलाने रबर खराब होतं.

आता वजनाबद्दल. इतकी जड मॅट रोज गुंडाळून कपाटावर चढवणं मला जमेना, म्हणून पलंग आणि खिडकीच्या मधल्या जागेत ती पसरलेलीच राहिली. सकाळी पलंगावरून पाय खाली घेतला की तो मॅटवरच पडतो. उभी राहिलेच आहे तर ताडासन, ताडासन झालंय तर दोन सूर्यनमस्कार, असं होत गेलं. कॅलेंडरवर मी खुणा करते. जुन्या मॅटच्या शेवटच्या महिन्यात ९ खुणा होत्या, हिच्या पहिल्या महिन्यात २२ आणि त्यानंतर एकदाही २० च्या खाली गेल्या नाहीत. काही दिवशी फक्त दहा मिनिटं होतात, तरी तो दिवसही मी मोजते.

खिडकीशेजारी मॅट कायम पसरून ठेवण्याची किंमतही मोजली. थेट उन्हाने रबर सुकतं, हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात खिडकीकडचा कोपरा फिका पडला आणि त्याचे बारीक कण सुटू लागले. तेव्हापासून सराव संपला की वर सुती चादर घालते. शवासनात तीच अंगाखाली घेते, कारण उघड्या त्वचेला रबर चिकटतं.

वास येतो, आणि चांगलाच येतो. विक्रेत्याने वर्णनात 'वासरहित' लिहिलं होतं, ते खरं नाही. दोन आठवडे वाऱ्यावर ठेवल्यावर तो सहन होण्याइतका कमी झाला. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर नैसर्गिक रबराच्या वाटेला जाऊच नका.

गुडघ्यांसाठी ५ मिलीमीटर कमी पडतात. मार्जरासन आणि उष्ट्रासन करताना मी घोंगडीची घडी घालून गुडघ्यांखाली ठेवते. लांबी १७३ सेंटिमीटर आहे. मी १६४ ची, मला पुरते, पण माझा उंच भाऊ आडवा झाला तर त्याच्या टाचा फरशीवर जातात. उंच माणसाने १८३ ची लांब मॅट घ्यावी.

सोबत कॉर्कच्या दोन विटा आणि एक पट्टा आला. पट्टा ठीकठाक आहे. विटांनी मात्र फार मदत केली. योगसाधनेत विटा, पट्टे, खुर्च्या अशा साधनांचा वापर रूढ करण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचा मोठा वाटा आहे, आणि ताठर शरीराच्या माणसाला त्याचं मोल लगेच पटतं. माझ्या मांड्यांच्या मागच्या शिरा इतक्या आखडलेल्या आहेत की उभ्याने पुढे वाकायच्या उत्तानासनात बोटं जमिनीला लागतच नाहीत. विटा उभ्या ठेवून त्यांवर हात टेकले की गुडघे न वाकवता पाठ सरळ राहते. पहिले तीन महिने विटा उभ्या होत्या, मग कडेवर आल्या, आता आडव्या असतात. सुखासनातही वीट आडवी ठेवून तिच्यावर बसते, कंबर मागे कलत नाही आणि प्राणायाम संपेपर्यंत पाठ ताठ राहते.

मॅट सारखी कुठे घेऊन जायची असेल तर ही घेऊ नका, हलकी बघा. घरच्यासाठी मी पुन्हा हीच घेईन. पलंगाकडची कड जरा वर वळू लागली आहे, म्हणून रात्री तिच्यावर दोन्ही विटा ठेवून झोपते. सकाळी त्या उचलण्यासाठी वाकते तेव्हा पहिलं उत्तानासन झालेलं असतं.